कानामागे खोचलेला गहू

तिचं नाव मी घेत नाही. नवीन कोणी विचारलं, तर वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवते. पाहणाऱ्याला वाटतं आमचं भांडण झालंय. भांडण आमचं एकदाही झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

कॉलेजात मी हिंदीतच लिहिलं. शाळाही हिंदीच होती. मराठी आमच्या घरात, आणि त्यातही जास्त करून स्वयंपाकघरात चालते. पण ही गोष्ट त्या स्वयंपाकघरातच घडली, म्हणून मराठीत लिहून पाहते आहे. चुकलं तर आई सांगेल, असं लिहिणार होते. पण हे आईला वाचायला द्यायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

आम्ही छत्तीसगडात भिलाई-तीनला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतो. बाबा यार्डात पॉइंट्समन आहेत. डबे जोडणं, सोडवणं, गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते पाहणं, हे त्यांचं काम. ते आठवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. दोघंही भंडाऱ्याकडचे. मी एकुलती एक, आणि आमच्या घराण्यात कॉलेजचं फाटक ओलांडणारी पहिली. पहिल्या दिवशी बाबा ड्यूटीच्या कपड्यांतच मला सोडायला आले होते आणि त्यांनी फाटकावरच्या वॉचमनला सलाम केला होता. वॉचमननं गोंधळून परत सलाम केला.

त्याच दिवशी ती भेटली. आम्ही दोघी प्रवेशाची रांग समजून एन.सी.सी.च्या रांगेत उभ्या होतो. दोन तासांनी एका माणसानं आमची उंची मोजली, तेव्हा चूक कळली. तो तिला म्हणाला, "दो इंच कम है." ती म्हणाली, "अभी तो फर्स्ट ईयर है सर, बढ़ जाएगी." मी हसले, आणि मग मला हसू आवरेना. वर्षभरानंतरही ती दोन इंच कमीच होती.

ती अहिवाऱ्याजवळच्या एका गावातून बसनं यायची. तिचे वडील चुनखडीच्या खाणीत डंपर चालवायचे. तिच्याही घरात कॉलेजला जाणारी तीच पहिली. संध्याकाळी मी तिच्यासोबत बस-स्टॉपवर थांबायची, बस आली की तिला बसवून घरी यायची. एकदा बाकावर बसल्या बसल्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तिला झोप लागली आणि बस निघून गेली. पुढच्या आठवड्यात परत तसंच झालं. त्या वेळी मला कळलं की ती झोपलेली नाही. मी पण तिला उठवलं नाही. दुसऱ्या बसला तासभर होता. तेवढा वेळ आम्ही दोघी न बोलता तशाच बसून राहिलो. मला वाटतं, आमचं जे काही होतं ते तिथे सुरू झालं. त्याला प्रेम म्हणायला मला आणखी दोन महिने लागले. तिला नाही लागले. तिनं तिसऱ्याच दिवशी पेरू खाता खाता सांगून टाकलं, आणि अर्धा पेरू माझ्या हातात दिला.

दुसऱ्या वर्षी वर्ग सकाळी साडेसातला सुरू व्हायला लागले. तिच्या गावातून त्या वेळेला पोचणारी बस नव्हती. तिचे वडील म्हणाले, झालं एवढं शिक्षण पुरे. एकट्या मुलीला भाड्याच्या खोलीत ठेवायला ते तयार नव्हते. मी भीत भीत आईला विचारलं, ती आपल्याकडे राहिली तर?

आई पोळी लाटत होती. म्हणाली, "लोकाची तरनी पोट्टी घरात ठेवाची? उद्या काही झालं तं तिच्या मायबापाले काय तोंड दाखवू? ना नात्याची, ना गोत्याची."

हे मी तिला सांगितलं. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "त नाता बना लेथन. चल न, भोजली बद लेबो."

भोजली बदायची, म्हणजे काय, ते मला नीट माहीत नव्हतं. तिनं समजावलं. श्रावणात टोपलीत गहू पेरतात, अंधाऱ्या खोलीत ठेवतात, हळदीचं पाणी शिंपडतात. उजेड न लागल्यानं रोपं पिवळीधमक येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी बायका गात गात तळ्यावर जातात, ती पाण्यात सोडतात आणि थोडी रोपं परत आणतात. त्यातली रोपं दोन मुलींनी एकमेकींच्या कानामागे खोचली आणि 'सीताराम भोजली' म्हटलं, की त्या जन्मभरासाठी एकमेकींच्या भोजली झाल्या. मग हिचे आईबाप ते तिचेही आईबाप, फूल-दाई आणि फूल-ददा. एकमेकींच्या सुखदुःखाला जायचं. आणि एकमेकींचं नाव पुन्हा कधी तोंडानं घ्यायचं नाही.

"नाव घ्यायचं नाही, हे तर लग्नात असतं," मी म्हटलं. माझी आई अजून बाबांचं नाव घेत नाही.

"वही तो," ती म्हणाली.

अशा तऱ्हेनं, बसचा त्रास वाचावा म्हणून, आम्ही जन्मभराचं नातं जोडायला निघालो.

आईला पटवायला वेळ लागला नाही. तिच्या माहेरी भुजल्या असायच्या, लहानपणी तिनंही त्या डोक्यावर नेल्या होत्या. "पन आमच्याइकडे नाव नव्हतं सोडा लागत," ती म्हणाली. खरे भारावले ते बाबा. त्यांनी तिच्या वडिलांना फोन लावून सगळे नियम विचारून घेतले. नाव कोणी घ्यायचं नाही, लग्नाकार्यात काय द्यावं लागतं, आजारपणात कोणी यायचं. रेल्वेत नवीन सर्क्युलर आल्यावर ते जसे कान देऊन ऐकतात तसे ऐकत होते. फोन ठेवून म्हणाले, "हे काही मजाक नाही बरं का बाई. नातं म्हंजे नातं."

आम्ही माना हलवल्या.

त्या दिवशी तिच्या गावच्या तळ्यावर खूप बायका होत्या. आईनं तिच्यासाठी साडी नेली होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, चपला हातात घेऊन चिखलात उभे होते. ती तळ्यातून वर आली तेव्हा तिचे हात गार आणि ओले होते. तिनं माझ्या कानामागे गव्हाची पिवळी रोपं खोचली. मुळांची माती तशीच होती. मातीचं पाणी माझ्या मानेवरून आत ओघळलं आणि मी शहारले. मग मी तिच्या कानामागे खोचली. घाईत माझ्या हातून अर्धी रोपं खाली पडली. ती हळूच म्हणाली, "गिरा मत. एक्के बार मिलथे." आम्ही 'सीताराम भोजली' म्हटलं. बायका गात होत्या.

माझ्या मनात आलं, आता माझं लग्न झालं. इतक्या माणसांसमोर झालं, आईबाबांच्या देखत झालं, आणि कोणाला कळलं नाही.

तिचे वडील थेट खाणीवरून आले होते. त्यांनी बाबांना व्याह्यांसारखी मिठी मारली आणि बाबांच्या इस्त्रीच्या शर्टावर चुन्याच्या पांढऱ्या हाताचे ठसे उमटले. आईनं नंतर ते धुतले. तिच्या आईनं निघताना आम्हाला बजावलं, तोंडातून नाव निघालं तर दंड म्हणून नारळ द्यायचा, जिचं नाव घेतलं तिला. लिहिलं तर चालतं.

ती आमच्याकडे राहायला आली. पहिल्या महिन्यात माझ्या तोंडून तिचं नाव तीनदा निघालं. तीन नारळ आले, आईनं वड्या केल्या. बाबांना वड्या फार आवडतात. ते जेवताना मला डिवचायचे, "अजून एकदा चूक नं वं. बस एकदा." तिच्या तोंडून मात्र माझं नाव एकदाही निघालं नाही.

आमचं क्वार्टर रुळांना लागून आहे. मागच्या दारी नळ आणि कपडे धुवायचा दगड, मग कुंपणाची भिंत, आणि भिंतीपलीकडे मालगाड्या. गाडी जात असते तोपर्यंत घरात कोणाला काही ऐकू येत नाही. आई आतून हाक मारते आणि गाडी गेल्यावर परत मारते. एका दुपारी आम्ही चादरी पिळत होतो, एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. कोळशाची गाडी आली. तिनं पीळ देत देत चादर गुंडाळत मला जवळ ओढलं. पुढचं मी लिहीत नाही. गाडी गेल्यावर आईची हाक आली, आणि ती मोठ्यानं म्हणाली, "आली, आली!" मग मला हळूच म्हणाली, "साठ डब्बे थे. मैंने गिने." मला तर एकही मोजता आला नव्हता.

त्यानंतर मालगाडीचा आवाज आला की आम्हा दोघींना एकदम कपडे आठवायचे. आई शेजारणीला सांगायची, "पोट्ट्या भल्या कामाच्या आहेत माह्या. सारख्या धूत राह्यतात."

ती आमची मराठी फार लवकर शिकली. आईबरोबर भाजी निवडताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना. बाबांशी बोलताना 'हो'ऐवजी 'हाव' म्हणायला लागली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आसपासच्या मराठी बायका आमच्याकडे जमल्या. एकेकीनं उखाणे घेतले. एका काकूंनी मला विचारलं, "ही पोरगी कोन वं तुही?"

"भोजली," मी म्हटलं.

"अवं, नाव काय तिचं?"

"नाव घेत नाही मी."

"आँ! नवऱ्याचं नाव असल्यावानी करते!" बायका हसायला लागल्या. "मंग उखान्यात घे नं!"

मी लाजून आत पळणार होते. तेवढ्यात तीच ताट ठेवून मधोमध उभी राहिली. म्हणाली, "इनका मैं लेती हूँ." आणि हात जोडून म्हणाली,

"फाटक पडलं, गाडी आली, डब्बे मोजले साठ,
नाव नाही घ्याचं मले, पाहून राहिली वाट."

"अन् नाव कुठी गेलं बाप्पा?" काकू ओरडल्या.

"नाव डब्यातच राह्यलं, काकू!"

बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या. आई सगळ्यांत जास्त हसली. मी तिळगुळाच्या डब्यात तोंड घालून बसले होते. माझे कान जळत होते. मला वाटतं, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस.

आमचं ठरलं होतं. शेवटच्या वर्षाची परीक्षा द्यायची, मग दोघींनी बी.एड.ला जायचं, मग शिक्षिका व्हायचं, आणि मग एकाच गावात बदली मागायची. भोजली आहोत म्हटल्यावर एका घरात राहिलो तर कोण काय म्हणणार? एका कागदाच्या मागे आम्ही त्या घराचा नकाशासुद्धा काढला होता. त्यात तिनं रूळ काढले होते, घराच्या अगदी मागे.

आमच्या हिशोबात एकच गोष्ट राहून गेली होती. बाबा खरोखरच तिचे फूल-ददा झाले होते.

शेवटच्या वर्षी दिवाळीनंतर ते एकदा जेवताना म्हणाले, "थोरलीचं आधी पाहाव लागंन." मला वाटलं, मामाच्या मुलीबद्दल बोलतात. पण ते तिच्याबद्दल बोलत होते. ती माझ्याहून आठ महिन्यांनी मोठी. तिच्या वडिलांचं नात्यागोत्यात फारसं येणं-जाणं नव्हतं, खाण आणि घर एवढंच त्यांना माहीत. बाबांसोबत यार्डात काम करणारे एक जण तिच्याच समाजाचे होते. त्यांच्या साडूचा मुलगा रेल्वेत टेक्निशियन, मध्य प्रदेशात शहडोलला. बाबांनी स्वतःहून गोष्ट काढली होती. "फूल-ददा म्हनते थे मले," ते आईला सांगत होते. "नुसतं म्हनाले आहे काय? माह्या पोरीसाठी मी सोन्यासारखं पाहीन."

आईच्या डोळ्यात पाणी आलं. माझी भोजली माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझ्या ताटातली लोणच्याची फोड उचलून खाल्ली.

बायोडाटा लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात कॉलेजवाली मी. मी ठरवलं की असा लिहायचा, की कोणी वळून पाहणार नाही. उंचीतून आणखी एक इंच कमी केला. स्वभाव: हट्टी. स्वयंपाक: साधारण, डाळ लागते. छंद: वाद घालणे. तिला वाचून दाखवला तर ती पोट धरून हसली. म्हणाली, "खुर्राटे भी लिख." मी घोरणंही लिहिलं. बाबांनी चष्मा लावून वाचलं. "वाद घालने? हा छंद होय का खोड होय?" पण मी शिकलेली म्हणून माझ्यावर त्यांचा विश्वास. त्यांनी कागद तसाच दिला.

आठ दिवसांनी निरोप आला. मुलाच्या वडिलांनी आजवर बरेच बायोडाटा पाहिले होते, पण कोणीतरी खरं लिहिलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. मुलगा तर तो कागद खिशात घेऊन फिरत होता. त्यांना मुलगी पसंत होती.

आम्ही त्यावरही हसलो. पण त्या वेळचं हसू मला आठवत नाही, फक्त हसलो एवढं आठवतं.

मग तो दिवस आला. मी तो पुष्कळदा मनात लिहून पाहिला आहे आणि दर वेळी वेगळा लिहिला आहे. झालं ते असं. बाबा सकाळची ड्यूटी करून दुपारी घरी आले. मागच्या दारी नळावर हातापायाचं ग्रीस धुवायला बसले. मला म्हणाले, "साबन दे जरा." मी साबण दिला. ते हात चोळत राहिले, माझ्याकडे न पाहता बोलले.

"तिच्या बापानं विचारलं तिले. मनात दुसरा कोनी आहे का म्हून. तं थे म्हनते, भोजलीले विचारा. भोजली जे सांगन थे खरं." मग त्यांनी मान वर केली. "म्हून तुले विचारून राहिलो. आहे काय कोनी? असंन तं सांग. मी रागवत नाही. अजून शब्द देल्ला नाही."

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत ती भेंडी चिरत होती. विळीचा आवाज थांबला.

त्या वेळी गाडी नव्हती. सगळं ऐकू येत होतं.

मला एवढंच सुचलं की मी 'आहे' म्हटलं तर बाबा 'कोण' विचारतील, आणि माझ्याकडे एकच उत्तर होतं. मी साबणाच्या डबीकडे पाहत म्हणाले, "नाही बाबा. कोणी नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

बाबांनी मोठा श्वास सोडला. हलके झाल्यासारखे हसले. आत विळीचा आवाज परत सुरू झाला, आधीसारखाच.

मला खोटं बोलल्याचंही इतकं दुःख नाही. दुःख याचं आहे, की मला खरं सांगायचीही गरज नव्हती. 'बाबा, तिला बी.एड. करू द्या, दोन वर्षं थांबा,' एवढं म्हटलं असतं तरी बाबा थांबले असते. ते विचारत होतेच त्यासाठी. तिनंही ते माझ्या हातात दिलं होतं त्यासाठीच. तिला वाटलं असेल, मी कॉलेजात इतकी उत्तरं लिहिते, एक तर तोंडानं देईन. पण मी दुसऱ्याच प्रश्नाला इतकी घाबरले होते, की विचारलेला प्रश्न मला ऐकूच आला नाही.

संध्याकाळी ती गच्चीवर वाळलेल्या बिजोऱ्या, उडीद-तिळाचे सांडगे, गोळा करत होती. मी वर गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते. तिनं एक बिजोरी मोडून पाहिली, वाळली की नाही ते, आणि अर्धी मला दिली.

"बने करे, भोजली," ती म्हणाली. बरं केलंस.

त्यात टोमणा होता की नव्हता, मला अजून कळलेलं नाही. तिला मी ओळखते, टोमणा मारायचा असता तर ती जोरात मारती. मी म्हटलं, "मी आत्ता बाबांना सांगते, तुला पुढे शिकायचं आहे." ती म्हणाली, "मत बोल. ददा अभी फोन पे थे. हो गया."

तरी मी खाली गेले. बाबा फोन ठेवून वळले. मी म्हटलं, "बाबा, तिला बी.एड. करायचं होतं." ते म्हणाले, "करंन नं थे. शहडोलले कॉलेज नाही काय? मी बोललो त्याइच्याशी." आणि मग आनंदानं म्हणाले, "शब्द देल्ला मी." बाबा यार्डात नेहमी सांगतात, एकदा रुळांचे सांधे बसवून लॉक केले की शेवटचा डबा पार होईपर्यंत हात लावायचा नाही. मला ते त्या वेळी आठवलं आणि मी गप्प बसले. खरं म्हणजे ते आठवलं नसतं तरी मी गप्पच बसले असते.

परीक्षा झाली आणि अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर लग्न झालं. भोजली म्हणून मला सगळ्यांत पुढे राहावं लागलं. तिला हळद लावायची होती. मी कानामागे लावायला लागले तेव्हा तिनं डोळे मिटले. म्हणाली, "गुदगुदी होथे," आणि रडली. बायकांना वाटलं, माहेर सुटतं म्हणून. टिकावनाच्या वेळी, म्हणजे नातेवाइकांनी नवरानवरीला टिळा लावून आहेर द्यायच्या वेळी, आईनं पितळेची परात दिली आणि बाबा तिच्या वडिलांपेक्षा जास्त रडले.

मुलगा चांगला होता. वाईट असता तर मला कोणावर तरी राग धरता आला असता. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "अब तो मैं भी आपका नाम नहीं ले सकता. आप मेरी भी भोजली हुईं. वो बायोडाटा आपने ही लिखा था ना? खुर्राटे वाला?" मी मान हलवली. तो हसला. "घर आते रहना."

मी अजून गेले नाही. आधी तिचा रोज फोन यायचा, मग रविवारी, मग कधीतरी. ती आईशी जास्त बोलते आता, आमच्या मराठीत. 'माय, भाकर थापली का' असं विचारते. मला फोन दिला की दोघींना काही सुचत नाही. मागून तिच्याकडेही गाड्यांचा आवाज येतो. रेल्वेचंच क्वार्टर आहे.

भादव्यात तिची मार्कशीट आली. कॉलेजातून न्यायला तिला येता येईना. तिनं अर्जाचा फोटो पाठवला, मी छापून नेला. खिडकीवर बाबूजी होते.

"किसकी लेनी है?"

"सहेली की."

"नाम?"

मी अर्ज पुढे सरकवला. "इसमें लिखा है."

"चश्मा घर पे रह गया बेटा. बोल दो ना."

मी उभीच राहिले. मागे रांग होती. मी वहीचं पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरात तिचं नाव लिहायला घेतलं. मागच्या एक बाई दुसरीला म्हणाल्या, "घरवाले का नाम होगा, इसीलिए शरमा रही है."

बाबूजींनी ते ऐकलं. "लड़की की मार्कशीट है, माताजी," ते म्हणाले. लोक हसले. त्यांनी कागद लांब धरून वाचला आणि मार्कशीट काढून दिली. तिला माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त होते.

मी तिथूनच तिला फोन केला. गुण सांगितले. तिनं ते परत एकदा सांगायला लावले. मग म्हणाली, "तुझ्यापाशीच ठेव. इथे कायले लागते?" मराठीतच म्हणाली. मी विचारलं, बी.एड.चं काय झालं? ती म्हणाली, "होईन कधीतरी," आणि दारावर कोणी आलं म्हणून फोन ठेवला.

घरी येताना फाटक पडलेलं होतं. मी सायकलवरून उतरून उभी राहिले. दुपारची वेळ, दोन्हीकडे स्कूटर, रिक्षा, भाजीची गाडी. कोळशाची मालगाडी आली. जमीन हलायला लागली. शेजारच्या माणसाचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज येत नव्हता. मी मार्कशीट पिशवीत छातीशी धरली होती. आणि मी तिचं नाव घेतलं. आधी ओठात, मग मोठ्यानं, मग होतं तेवढा जीव काढून. मला स्वतःलाही ते ऐकू आलं नाही. शेवटी गार्डचा डबा दिसला, तेव्हा मी तोंड मिटलं. डबे मोजायचे राहिले.

फाटकाजवळच्या दुकानातून मी एक नारळ घेतला.

आई ओट्यापाशी होती. नारळ पाहून तिनं मला पाहिलं.

"नाव घेतलं काय?"

"हाव."

"कोनासमोर?"

"कोनाच्याच नाही."

आईनं ओले हात पदराला पुसले. "अन् आता द्याचा कोनाले हा? थे तं तिथी." तिनं नारळ घेतला, कानाशी नेऊन हलवून पाहिला. पुन्हा एकदा हलवला.

"पानी आहे," ती म्हणाली, आणि देवापुढे ठेवला. वड्यांचं नाव तिनं काढलं नाही. बाबांनीही नाही.